जलतरण की वॉटर पोलो: चौदा वर्षांच्या मुलीच्या पालकांना सविस्तर उत्तर

आपण विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे: आपली मुलगी चौदा वर्षांची असून नववीत शिकते, सहा वर्षांपासून नाशिकमध्ये पोहते, 100 मीटर फ्रीस्टाइलचे तिचे टायमिंग गेले दहा महिने 1 मिनिट 9 सेकंदांवर अडकले आहे, आणि विभागातून राज्य शालेय स्पर्धेपर्यंत दोनदा पोहोचूनही अंतिम फेरी तिला गाठता आलेली नाही. एका जाणत्या गृहस्थांनी आपल्याला सांगितले की, "हिला वॉटर पोलोत घाला, तिकडे गर्दी कमी आहे." वॉटर पोलो म्हणजे पाण्यात पोहत चेंडूने गोल करण्याचा सांघिक खेळ. त्यामुळे जलतरण सोडावे का, वॉटर पोलोत करिअर म्हणण्यासारखे काही आहे का, आणि पुढच्या वर्षीची दहावी या सगळ्यात कुठे बसवायची, असे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

माझे उत्तर असे की जलतरण सोडू नये, आणि वॉटर पोलोही "इथे जमेना म्हणून तिथे" या भावनेने सुरू करू नये. सोळाव्या वर्षापर्यंत दोन्ही चालू ठेवावे, त्यात पोहण्याचा वाटा मोठा आणि चेंडूचा लहान असावा. निवड त्यानंतर करावी, आणि ती टायमिंगच्या कागदावरून न करता तिच्या पायांवरून आणि स्वभावावरून करावी. मी स्वतः आधी राज्याकडून पोहलो, नंतर नऊ वर्षे वॉटर पोलो खेळलो, त्या खेळाच्या बळावर रेल्वेत नोकरीला लागलो आणि गेली एकवीस वर्षे नाशिकमध्ये मुलांना शिकवतो आहे. या दोन्ही वाटा मी चाललो असल्यामुळे त्यांवरचे खड्डेही मला ठाऊक आहेत.

"गर्दी कमी आहे" हे विधान खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. वॉटर पोलोत प्रत्येक संघाचे सात खेळाडू पाण्यात असतात, गोलकीपर धरून. सामना आठ-आठ मिनिटांच्या चार डावांचा असतो, आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबत असल्यामुळे ती बत्तीस मिनिटे प्रत्यक्षात तासाभरापर्यंत लांबतात. या सगळ्या वेळात गोलकीपर सोडून कोणालाही तळाला पाय टेकण्याची परवानगी नाही आणि चेंडू दोन्ही हातांनी धरण्याचीही नाही. महिलांच्या सामन्यात मैदान 25 मीटर लांब असते. हे अंतर चेंडू हातचा गेला की परत, मिळाला की पुन्हा, असे पूर्ण वेगाने कापावे लागते, आणि पोहोचल्यावर दम खायला भिंत नसते, तर समोर आपल्याला अडवणारी एक खेळाडू असते. जी मुलगी पोहण्यात मागे आहे ती इथे प्रत्येक हल्ल्यात दोन हात मागे राहते, आणि तिच्या संघावर गोल होतो. शर्यतीत मागे पडलेल्या मुलीचे नुकसान तिचे एकटीचे असते, पोलोत ते साऱ्या संघाचे होते. म्हणून टायमिंग सुधारण्याचे काम पोलोत गेल्याने संपत नाही, उलट त्याची गरज वाढते.

तरीही चांगला जलतरणपटू चांगला पोलो खेळाडू होईलच असे नाही. जलतरणपटूची सहा वर्षांची सवय म्हणजे चेहरा पाण्यात, नजर तळाच्या काळ्या रेघेवर, दोन्ही बाजूंना लेनचे दोर, आणि आपल्या रांगेत दुसरे कोणीही नाही. वॉटर पोलोत यातले काहीच उरत नाही. डोके वर ठेवून पोहावे लागते, त्यामुळे कंबर बुडते आणि पायांवरचा भार वाढतो. हातांचे वल्हवणे आखूड होते, कारण चेंडू दोन हातांच्या मधल्या लाटेवर ढकलत न्यायचा असतो. गॉगल लावायला परवानगी नसते. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण वर्षानुवर्षे गॉगल लावून पोहलेली मुले पहिल्या आठवड्यात त्यानेच घाबरतात. क्लोरीनने डोळे चुरचुरतात, समोरचे धूसर दिसते, आणि मूल नकळत मान फिरवते.

यांपैकी बहुतेक सवयी सहा-आठ महिन्यांत बदलतात. बदलायला खरोखर वेळ लागतो तो पायांना. वॉटर पोलोचा खेळाडू पाण्यात उभा राहतो तो ज्या किकवर, तिला आम्ही एग बीटर म्हणतो. खुर्चीवर बसल्यासारख्या मांड्या उचललेल्या असतात, गुडघे खांद्यांहून थोडे रुंद, आणि गुडघ्यांखालचे दोन्ही पाय आळीपाळीने उलट दिशांना गोल फिरतात. ताकाच्या दोन रव्या शेजारी-शेजारी उलट्या घुसळाव्यात तसे. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये दोन्ही पाय एकदम ढकलतात, म्हणून शरीर वर येते आणि पुन्हा खाली जाते. एग बीटरमध्ये एक पाय ढकलत असताना दुसरा परत येत असतो, त्यामुळे शरीर एकाच उंचीवर स्थिर राहते. त्या स्थिरतेवर पास, शॉट, बचाव, सगळे उभे असते. हात कितीही ताकदवान असला तरी पाया हलता असेल तर चेंडू गोलपट्टीच्या वरून जातो.

मी नव्या मुलाची परीक्षा घेतो ती अशी. खोल टोकाला त्याला उभे करतो आणि दोन्ही हात कोपरांपर्यंत पाण्याबाहेर काढायला सांगतो. पहिली दहा सेकंदे सगळेच हसतात. पंधराव्या सेकंदाला हनुवटी पाण्याला लागते, विसाव्याला ओठ, आणि मग कोणी पायांनी सायकल मारू लागतो, कोणी कात्री. ज्याचे गुडघे आपोआप बाहेर पडतात आणि ज्याची पावले आतून बाहेर पाणी कापू लागतात, त्याला शिकवायला सोपे जाते. तीन महिन्यांनी तोच मुलगा मिनिटभर हात वर ठेवून उभा राहतो, सहा महिन्यांनी पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली डोक्यावर धरून. आपली मुलगी ब्रेस्टस्ट्रोक बरा पोहत असेल तर तिच्या घोट्यांना हे वळण थोडे आधीच असेल. शुद्ध फ्रीस्टाइलवाल्या मुलांचे घोटे मागे ताणलेले असतात आणि त्यांना इथे जास्त कष्ट पडतात.

स्वभावाची गोष्ट मी याहूनही वर ठेवतो. सामन्यापूर्वी पंच प्रत्येक खेळाडूची नखे तपासतात, बोटे पालथी करून, एकेक. ते का, हे नव्या पालकांना पहिल्या सामन्यात कळते. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला बुडवणे, ओढणे, अडवणे नियमात बसते; चेंडू नसलेल्या खेळाडूला तसे केले की फाउल. पण पाण्याखाली काय चालले आहे ते पंचांना प्रत्येक वेळी दिसत नाही. कोणाचा हात खांद्यावर असतो, कोणाचा गुडघा बरगडीत लागतो, पोहण्याचा पोशाख ओढला जातो, म्हणून मुली बहुधा दोन पोशाख एकावर एक घालतात. कानांना कॅपच्या कडक वाट्या असतात त्या मारापासून कान वाचवण्यासाठी. काही मुली हा स्पर्श पहिल्यांदा झाला की गोठतात आणि पुढे कधीच मोकळ्या होत नाहीत. काही रडतात, बाहेर येतात, पाणी पितात आणि परत उडी मारतात. दुसऱ्या प्रकारच्या मुली या खेळाच्या आहेत. पहिल्या प्रकारच्या मुलींना या खेळात ढकलू नये, त्यांच्यातला दोष म्हणून नव्हे, तर शर्यतीच्या शांत रांगेत त्या जास्त फुलतात म्हणून.

आता 1 मिनिट 9 सेकंदांविषयी. चौदाव्या वर्षी मुलींचे टायमिंग थांबणे ही घाबरण्याची बाब नाही. उंची आणि वजन बदललेले असते, कंबरेचा भाग रुंदावतो, पाण्यातला तोल सरकतो, आणि अकराव्या वर्षी हलक्या अंगामुळे जे सहज जमत होते ते पुन्हा शिकावे लागते. या काळात जे पालक अंतर दुप्पट करायला सांगतात ते खांदा गमावतात. मी असतो तर आधी हे पाहिले असते की पहिली पन्नास आणि दुसरी पन्नास यांत किती सेकंदांचे अंतर आहे. ते पाचच्या वर असेल तर दम कमी आहे किंवा सुरुवात अती वेगाने होते आहे. ते तीनच्या आत असूनही टायमिंग हलत नसेल तर दोष वेगात, म्हणजे स्टार्ट, टर्न आणि पाण्याखालच्या पहिल्या काही मीटरांत आहे. आपल्याकडच्या मुलांचा टर्न कच्चा असतो, कारण सार्वजनिक बॅचमध्ये भिंतीला नेहमी चार जण धरून उभे असतात आणि टर्न मारायला जागा मिळत नाही. आणि इथे पोलोचा उपयोग होतो: डोके वर ठेवून मारलेले छोटे, झपाट्याचे अंतर आणि एग बीटरने बळावलेल्या मांड्या यांमुळे पहिल्या पंधरा मीटरचा वेग वाढलेला मी अनेक मुलांत पाहिला आहे. दोन्ही एकत्र चालू ठेवा म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

या दोन खेळांची सोयरीक जुनीच आहे. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा सचिन नाग यांनी 100 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांतले ते भारताचे पहिले सुवर्ण, आणि त्यांचे टायमिंग होते 1 मिनिट 4.7 सेकंद. त्याआधी 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तेच नाग भारताच्या वॉटर पोलो संघात होते, आणि चिलीवर मिळवलेल्या 7–4 अशा विजयात चार गोल त्यांचे होते. त्याच 1951 च्या स्पर्धेत वॉटर पोलोचे सुवर्णही भारताने घेतले. आपल्या मुलीला हे टायमिंग अवश्य सांगा. पाऊण शतकापूर्वी आशियातल्या सर्वांत वेगवान पुरुषाने जे अंतर कापले त्याच्या साडेचार सेकंदांच्या आत एक नाशिकची नववीतली मुलगी आज आहे, यात तिच्या कष्टांचा मान आहे, आणि हा खेळ जगात किती पुढे गेला आहे याची जाणीवही.

कारण पुढची हकिकत तितकी उजळ नाही आणि ती लपवून करिअरचा सल्ला देणे योग्य होणार नाही. भारताचा वॉटर पोलो संघ 1952 च्या हेलसिंकीनंतर ऑलिंपिकमध्ये दिसलेला नाही. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतले कांस्य ही नंतरची मोठी खूण. महिलांचा वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये आला तोच 2000 साली, सिडनीत, आणि त्यात भारत अजून पोहोचलेला नाही. जलतरणात त्यानंतरची आशियाई पदके बोटांवर मोजण्याइतकी, जसे 1986 साली सोल येथे खजान सिंग यांचे 200 मीटर बटरफ्लायचे रौप्य, आणि त्यानंतर चोवीस वर्षांनी, 2010 मध्ये ग्वांगझूला, आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे 50 मीटर बटरफ्लायचे कांस्य. हंगेरी, सर्बिया, इटली, स्पेन या देशांत वॉटर पोलोच्या क्लबांमधून खेळाडूला पगार मिळतो. आपल्याकडे तसे नाही. इथे या खेळातून कमाई होत नाही, खेळामुळे नोकरी मिळते, आणि हा फरक घरात आजच बोलून घ्यावा.

नोकरीच्या वाटा मात्र खऱ्या आहेत. वीरधवल खाडे पुढे राज्य शासनाच्या सेवेत तहसीलदार झाले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे, सेनादले, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि राज्य पोलीस यांच्या क्रीडा कोट्यातून भरत्या निघतात. पोलीस दलांच्या अखिल भारतीय जलक्रीडा स्पर्धेत जलतरणासोबत वॉटर पोलोही असतो, त्यामुळे तिथे खेळाडूंची गरज टिकून राहते. सेनादलांचा संघ पुरुषांच्या वॉटर पोलोत दीर्घकाळ बलवान राहिला आहे. आपल्याच जिल्ह्यातले, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांचे उदाहरण घ्या. विहिरी खणण्याच्या कामावरून ते सैन्यात गेले, तिथे नौकानयन शिकले, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्स संघातून सुवर्ण घेऊन आले. खेळ वेगळा, पण वाट हीच: नोकरीने खेळाला आधार दिला.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझ्या पाहण्यात वॉटर पोलोच्या नावाने निघणाऱ्या जागा मुलांसाठी जास्त आणि मुलींसाठी कमी राहिल्या आहेत. मुलींसाठी जलतरणाच्या वैयक्तिक प्रकारांना तुलनेने अधिक जागा दिसतात. जाहिरातीत खेळ, प्रकार आणि कधी कधी खेळातली जागासुद्धा लिहिलेली असते. गोलकीपर हवा असेल तर गोलकीपरच. म्हणून वैयक्तिक प्रकारातले टायमिंग जिवंत ठेवलेली आणि संघातून राज्याकडून खेळलेली मुलगी दोन दारांवर उभी राहू शकते. जलतरण सोडून पोलोत गेलेली मुलगी एकाच दारावर उभी असते.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयातून होते, आणि त्या वेळी स्पर्धा कोणत्या संघटनेची होती, कोणत्या पातळीची होती, कोणता क्रमांक आला, हे सगळे पाहिले जाते. नुसत्या सहभागाच्या कागदावर विसंबून राहू नये. मान्यता नसलेल्या, फी घेऊन "राष्ट्रीय" म्हणवणाऱ्या स्पर्धांत आपल्या नाशिकचे कितीतरी पालक दरवर्षी मुलांना घेऊन जातात, हॉटेल आणि प्रवासावर पैसे घालवतात, आणि हाती येते ते चकचकीत पण निरुपयोगी पान. स्पर्धा भारतीय जलतरण महासंघाशी संलग्न राज्य संघटनेची आहे की शालेय क्रीडा यंत्रणेची, की विद्यापीठाची, हे नाव नोंदवण्याआधी विचारावे. प्रत्येक स्पर्धेची प्रवेशिका, निकालपत्र आणि प्रमाणपत्र एका फायलीत, वर्षांनुसार, आजपासून लावायला लागावे. माझ्या एका विद्यार्थ्याची भरती केवळ जुन्या निकालपत्राची प्रत वेळेत न मिळाल्याने हुकली. मुलगा पाण्यात कमी पडला नव्हता.

नाशिकच्या परिस्थितीविषयी आता. महापालिकेचा त्र्यंबक रस्त्यावरचा सावरकर तलाव आणि नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ तलाव या दोन ठिकाणांनी या शहराला पोहायला शिकवले, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण सार्वजनिक तलावाचा दिवस बॅचमध्ये वाटलेला असतो, आणि वॉटर पोलोला संपूर्ण तलाव लागतो, चार लेन नव्हे. त्यातही देशभरातल्या बहुतेक सार्वजनिक तलावांचे एक टोक उथळ असते. उथळ टोकाचा गोल राखणारी मुले तळाला पाय टेकून उभी राहतात, तिथला शॉट जमिनीवरून मारल्यासारखा जोरात जातो, आणि मूल समजते की आपल्याला खेळ आला. मग बालेवाडीसारख्या पूर्ण खोलीच्या तलावात राज्य निवड चाचणीला उतरल्यावर त्याचे पाय तळ शोधत राहतात. म्हणून गोल लावायला जागा नसली तरी चालेल, पण सराव खोल टोकालाच करावा. अर्ध्या तलावात, एकाच गोलवर, खोल पाण्यात चार विरुद्ध चार खेळलेली मुले पूर्ण लांबीच्या उथळ तलावात खेळलेल्या मुलांपेक्षा चांगली तयार होतात, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आणि सात जणी कुठून आणायच्या, हा पालकांना न सुचणारा पण सर्वांत कठीण प्रश्न आहे. शर्यतीची तयारी एकटीने होते, पोलोची होत नाही. एक मुलगी हुशार असून भागत नाही. तिला पास देणारी, तिला अडवणारी, तिच्यासमोर गोलमध्ये उभी राहणारी अशा मुली त्याच वेळी, त्याच तलावावर हव्यात. नाशिकमध्ये मुलींचा पूर्ण संघ सतत टिकवणे मला स्वतःला दोनदाच जमले, आणि दोन्ही वेळा दहावीच्या वर्षाने तो मोडला. तोपर्यंत मुलांबरोबर सराव करू द्यावा. पुरुषांचा चेंडू घेराने मोठा असतो, 68 ते 71 सेंटिमीटर. मुलींचा 65 ते 67. एवढासा फरक असला तरी लहान पंजाला मोठा चेंडू पकडता येत नाही, मनगट वळते आणि चुकीची फेक पक्की होते. मिश्र सरावातही तिच्या हाती तिच्या मापाचा चेंडू द्यावा. दोन-तीन हजारांत तो येतो आणि वर्षे टिकतो. पुण्या-मुंबईच्या मुली या खेळात पुढे आहेत त्या मुख्यतः यामुळे, की तिथे एका तलावावर पंधरा-वीस जणी रोज भेटतात. वर्षातून दोन-तीन वेळा सुट्टीत तिथल्या शिबिरात तिला पाठवता आले तर पाठवावे.

थंडीचा विचारही नाशिककरांना वेगळा करावा लागतो. स्पर्धेच्या तलावाचे पाणी 25 ते 28 अंशांचे अपेक्षित असते. पाणी तापवण्याची सोय नसलेल्या तलावात, निफाडला पारा पाच-सहावर येतो त्या दिवसांत, पहाटे मी तापमापक बुडवून 18 अंशही पाहिले आहेत. पाण्यावरून वाफ निघत असते, मुले काठावर हात काखेत धरून उभी असतात, आणि पाण्यात उतरल्यावर वीस मिनिटांत बोटे इतकी बधिर होतात की चेंडू हातात आहे की नाही हे कळत नाही. अशा पाण्यात शॉटचा सराव घेणे म्हणजे खांदा दुखावण्याला आमंत्रण. तेव्हा डिसेंबर आणि जानेवारी हे आपल्या मुलीसाठी कमी पाण्याचे, जास्त जमिनीवरच्या कामाचे महिने ठरवावेत. पुढच्या वर्षी दहावीची सराव परीक्षा आणि अभ्यासाचा मुख्य काळही तोच असेल, म्हणजे दोन अडचणी एकाच कोपऱ्यात येतात आणि बाकीचे वर्ष मोकळे राहते.

दहावीचे वर्ष म्हणून पोहणे पूर्ण बंद करणे हा मात्र मोठा तोटा ठरतो. दहा महिने पाण्याबाहेर राहिलेली पंधरा वर्षांची मुलगी पुढे क्वचितच परत येते, आणि आलीच तर तिच्या वयाच्या मुली एव्हाना पुढे गेलेल्या असतात. जून ते नोव्हेंबर आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास. त्यातले तीन दिवस शुद्ध जलतरण आणि दोन दिवस पहिली चाळीस मिनिटे एग बीटर व चेंडू. डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत आठवड्यातून दोनदा, दुपारच्या उन्हाच्या वेळी, केवळ पाण्याशी नाते राहावे इतके. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मे हे दोन महिने पूर्ण तिच्या खेळाचे. शालेय स्पर्धांतल्या यशाचे क्रीडा गुण दहावी-बारावीला नियमांप्रमाणे मिळतात, पण त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. वर्गशिक्षकांना ऑक्टोबरमध्येच आठवण द्यावी.

मुली नेमक्या या वयात पोहणे सोडतात, आणि त्याचे कारण केवळ अभ्यास नसते. मासिक पाळीच्या दिवसांत काय करायचे हे घरात आणि तलावावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून ती काही न सांगता येईनाशी होते. आईने किंवा घरातल्या मोठ्या स्त्रीने तिच्याशी बोलावे, आणि प्रशिक्षक पुरुष असेल तर त्याला एवढेच कळवावे की ती "आज नाही" म्हणाली तर कारण विचारायचे नाही. मी हे शिकायला बराच उशीर केला आणि दोन चांगल्या मुली गमावल्या.

खांद्याविषयी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. पंधरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे होता, हात लांब, फेक अतिशय सुंदर. मी त्याला रोज पोहून झाल्यावर, थकलेल्या खांद्याने, शंभरावर शॉट मारायला लावत असे, कारण ते बघायला मला आवडत असे. चार महिन्यांनी त्याला शर्ट घालताना हात वर नेता येईना. पोहण्याने खांद्याच्या पुढचे स्नायू आधीच घट्ट झालेले असतात. त्यावर फेकीचा ताण आला की मागचे छोटे स्नायू दमतात आणि सांधा घासू लागतो. तो मुलगा पुन्हा खेळला, पण राज्य संघात कधी आला नाही, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. तेव्हापासून माझा नियम असा: सतराव्या वर्षाच्या आत दिवसाला तीस-पस्तीस जोरदार शॉटच्या वर नाही, ते पोहण्याच्या आधी, आणि रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवण्याचा व्यायाम आठवड्यातून चार दिवस. एग बीटरने गुडघ्याची आतली बाजू दुखू लागली तर दोन आठवडे ती किक थांबवावी. "सवय होईल" म्हणून दामटू नये.

पुढच्या टप्प्यांचे थोडक्यात. महाविद्यालयात गेल्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात नाशिक येते, आणि विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट खुली होते. ज्या महाविद्यालयाचे क्रीडा संचालक जलक्रीडेला संघ पाठवतात ते निवडावे, नाव मोठे असो वा नसो. खेळ थांबल्यानंतर प्रशिक्षणाकडे वळायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम हा मान्य मार्ग आहे. मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षित महिला प्रशिक्षकांची आपल्या जिल्ह्यात तीव्र गरज आहे, आणि शाळा, क्लब, सोसायट्यांचे तलाव वाढत असल्यामुळे ती वाढतच जाईल. जीवरक्षणाचे प्रमाणपत्र अठराव्या वर्षी घेऊन ठेवावेच. गोदावरीकाठच्या शहरात ते कधीही वाया जात नाही.

म्हणून आत्ता निर्णय घेऊ नका, तीन महिने पाहा. दर पंधरा दिवसांनी एक वही भरा: 100 मीटरचे टायमिंग, पहिल्या व दुसऱ्या पन्नासचे वेगळे आकडे, कोपरांपर्यंत हात बाहेर ठेवून ती किती सेकंद उभी राहिली, आणि सरावानंतर घरी येताना ती कोणत्या दिवशी बोलत होती, कोणत्या दिवशी गप्प होती. शेवटचा रकाना आपणच भरावा, तिला न विचारता. तीन महिन्यांनी ती वही घेऊन मला किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला भेटा. चेंडूच्या पहिल्या सरावाला तिला पाठवताना गॉगल घरी ठेवायला सांगा, आणि आदल्या रात्री तिची नखे कापलेली आहेत एवढे पाहा.